अर्ध्या पोत्याचा फरक

माझ्या लग्नात माहेरून एक स्पोर्ट्‌स कार आली होती, असं सांगितलं की ऐकणारे भुवया उंचावतात. उंचावू नका. तो हुंडा नव्हता, अडगळ होती. माझे वडील कोळशाच्या खाणीत इंजिनियर होते. तिथला गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची बुटकी, उघडी, दोन माणसांची गाडी बाबांच्या गळ्यात मारून गेला. पुढे बाबा वारले. आईला गाडी चालवता येत नव्हती, मला येत होती, आणि मी एकुलती एक. तेव्हा भांड्याकुंड्यांच्या टेम्पोमागून ती गाडी मीच चालवत सासरी नेली. नवी नवरी स्वतः गाडी हाकत आली हे आमच्या गल्लीत पुढे दोन पावसाळे तरी पुरलं.

सासरी गाडीचं कौतुक चार दिवस टिकलं. भरल्या घरात दोन माणसांची गाडी काय कामाची? भाजी आणायला गेलं तर फुलकोबी मांडीवर घेऊन बसावं लागे. तरी मी ती पुसायची, पाणी-तेल बघायची आणि संधी मिळाली की नागपूरच्या सदर बाजारापर्यंत चक्कर मारून यायची. डोक्यावर छप्पर नाही, समोर मोकळा रस्ता, आणि ‘कुठे चाललीस’ असं विचारायला कोणी नाही. त्या घरात माझी म्हणावी अशी जागा म्हणजे ती उजवीकडची सीट. हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही, पण होतं तसंच.

घरात शब्द चालायचा मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. कुहीकडच्या धानाच्या शेतातून शिकायला नागपुरात आलेला आणि सरकारी कचेरीत मोठा बाबू होऊन निवृत्त झालेला हा माणूस अंगाने चांगला दणकट होता. ते आरामखुर्चीत बसले की खुर्ची आधी बोलायची, मग ते.

एका उन्हाळ्यातल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याला पितृभक्तीचा उमाळा आला. ‘चला, तुम्हाले सेमिनरी हिल्सवर हवा खायले नेतो,’ म्हणून त्याने मामाजींना गाडीत बसवलं. नवरा माझ्याकडूनच गाडी शिकला होता आणि शिकला होता जेमतेम. टेकडीच्या चढावर, वळणाशी, गाडीने एक उचकी दिली आणि बंद पडली. मागे घसरायला लागली तसे मामाजी खाली उतरले आणि धोतर खोचून तिला ढकलू लागले. नेमका त्याच वेळी त्यांच्या हाताखाली काम केलेला एक माणूस सायकलवरून टेकडी उतरत होता.

‘पाय टेकवून पाहून राहिला होता तो,’ घरी आल्यावर मामाजी म्हणाले. ‘नमस्कार केला त्यानं मले. मी इकडं ढकलून राहिलो, अन् तो नमस्कार करून राहिला!’

आम्ही कोणी हसलो नाही. म्हणजे तिथे हसलो नाही, स्वयंपाकघरात जाऊन हसलो. ते बहुधा त्यांना ऐकू गेलं असावं, कारण जेवताना त्यांनी निकाल सांगितला. ही गाडी कबाड्याला द्यायची. सुटी होऊन लोखंडात तरी जाईल.

मी रडणाऱ्यांतली नाही, भांडणाऱ्यांतली आहे, पण सासऱ्यांशी भांडायची सोय नव्हती. नवऱ्यानेच माझ्या चेहऱ्याकडे बघून रदबदली केली. बरीच ओढाताण होऊन मामाजी एका अटीवर आले.

‘दसरा झाला की पयल्या रविवारी मले बसवून तीच टेकडी चढवा. मधात थांबली नाही, तं ठेवा. थांबली, तं सोमवारी कबाडी.’

आता या गाडीत ताकद घालायची तर इंजिनाचे सुटे भाग विलायतेहून आणावे लागणार. त्या काळात साधं घड्याळ बाहेरून आणायची मारामार, तिथे पिस्टन कुठून आणणार? नवऱ्याने सदरमधल्या जुन्या मासिकांच्या दुकानातून मोटारींच्या शर्यतीचं एक इंग्रजी मासिक पैदा केलं. त्यात म्हटलं होतं की गाडी पळवायचे दोन मार्ग आहेत. एक, ताकद वाढवा. दुसरा, वजन कमी करा. वाढवायला पैसा लागतो, कमी करायला नुसता पाना. हे वाचून त्याला असं काही स्फुरण चढलं की कचेरीतून आला की तो सदरा काढून गाडीखाली.

नागपंचमीपासून आमच्या अंगणात रोज काही ना काही उतरायला लागलं. आधी पुढचा-मागचा बंपर गेला. मग जादाचं चाक, जॅक, कापडी टप आणि त्याची लोखंडी कमान. तळाला आवाज दाबण्यासाठी थापलेलं डांबर आम्ही रॉकेल लावून खरवडलं. मडगार्डच्या आतून काळी माती निघाली, अशी दगड झालेली की छिन्नी लावावी लागली. नागपूर जिल्ह्याचा निम्मा सातबारा आपण गाडीत घेऊन फिरत होतो, असं नवरा म्हणाला. डावीकडचं दारही त्याने काढून टाकलं. सीटा उसवल्या तर आत घोड्याचे केस आणि स्प्रिंगा. सासूबाई म्हणाल्या, ‘बाप्पा! यायच्यावर बसत होते का तुम्ही?’ आणि घरातल्या जुन्या बाजेची नवार त्यांनी स्वतः त्या सांगाड्यांवर विणून दिली. ताणून, बाज विणतात तश्शी. दोन्ही सीटा मिळून आता एका हाताने उचलता यायच्या, आणि बसायला पहिल्यापेक्षा गार.

सासूबाई कोणाच्या बाजूने आहेत हे मला तोवर कळत नव्हतं. नवार विणताना त्या बोटाला थुंकी लावत होत्या आणि गुणगुणत होत्या, तेव्हा कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीचा पुतळा मिरवत गल्लीतली पोरं ओरडत गेली, ‘घेऊन जाय गे मारबत!’ सासूबाईंनी डांबर, केस आणि माती असा सगळा ढीग सुपात भरून त्यांच्या मागे रस्त्यावर टाकला आणि म्हणाल्या, ‘गाडीची इडापिडाही घेऊन जाय वं बाई.’

काढलेली प्रत्येक वस्तू नवरा रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलायचा. बेरीज करता करता तो हरखून जायचा. शेवटी सगळं मिळून एक पोतं गहू भरेल एवढं वजन निघालं. एवढ्या हलक्या गाडीला हे काय कमी आहे? आता खात्री करून घ्यायची म्हणून आम्ही ती धरमकाट्यावर नेली. बाजारात येणारे ट्रक जिथे माल भरून तोलतात तो हा काटा, आणि त्याला धरमकाटा म्हणतात ते तो खोटं बोलत नाही म्हणून. संत्र्यांच्या दोन ट्रकांच्या मधे आमची बिनदाराची, बाजेच्या सीटांची गाडी लावली तेव्हा हमाल काम सोडून बघायला आले. काटेवाल्याने वजन सांगितलं. गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक आलं होतं, त्यात गाडीचं मूळ वजन छापलं होतं. त्या वजनातून आमचं पोतं वजा केलं तर आकडा जुळेना.

कमी झालं होतं फक्त अर्धं पोतं.

नवऱ्याने परत बेरीज केली. काटेवाल्याने परत तोललं, आणि ‘अपना काँटा झूठ नहीं बोलता, भैया,’ असं जरा लागल्यासारखं म्हणाला. अर्धं पोतं गेलं कुठे? मला तर वाटलं, गाडीलाच कबाड्याकडे जायचं आहे.

दुसऱ्या दिवशी नवरा गाडीखाली झोपून प्रत्येक पट्टीवर हातोडीने टकटक करत होता. अचानक टकटक थांबली. ‘जरा इकडं ये वं,’ तो म्हणाला. मी पदर खोचून वाकले. मागच्या चाकांच्या मधे, चासीच्या दांड्यांना आतून चिकटून, आणखी काही जाड दांडे होते. वरून काळा रंग, त्यावर डांबर, त्यावर माती. इतके दिवस आम्ही त्यांना चासीच समजत होतो. नवऱ्याने तारेच्या ब्रशने घासलं आणि खालून रुळाचा आकार निघाला. खाणीत कोळशाचे डबे ज्या रुळांवरून ढकलतात ना, त्या रुळांचे चार तुकडे, दोन-दोन हात लांबीचे, बोल्टांनी आवळून बसवलेले.

आणि प्रत्येक बोल्टवर एकापुढे एक दोन नट होते. त्यांतून तांब्याची तार ओवून पिळलेली.

माझे बाबा कुठलाही नट एकटा ठेवत नसत. घरातल्या झोपाळ्याच्या कडीलासुद्धा दोन नट आणि वर तार. खाणीत एक नट सुटला तर माणसं मरतात, असं ते म्हणायचे. ती तार बघितली आणि मी तिथेच मातीत फतकल मारून बसले.

मी आईकडे गेले ती तणतणतच. ‘गाडीत रूळ कोणी बसवले?’ म्हणून विचारलं. आई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

‘तुह्या बाबानं. तू मॅट्रिकच्या सुट्टीत गाडी शिकली, अन् मंग तिले कशी पळवून राहिली होती, आठवते का? पावसात मागून नाचायची गाडी. त्यायले झोप लागे ना. मंग मागून जड करून टाकली गाडी.’

‘मग मला सांगायचं होतं! मी हळू चालवली असती.’

आता मात्र आईने माझ्याकडे बघितलं. ‘तू?’ ती म्हणाली. ‘हेच बोलली होती मी, पोरीले सांगा म्हून. तं म्हणाले, पोरगी माह्यं कायले ऐकते. गाडीलेच सांगून देतो.’

मला आधी राग आला. खरंच आला. इतकी वर्षं मी त्या गाडीला मठ्ठ, दमेकरी, म्हातारी असं काय काय म्हटलं होतं. तिच्यापायी सासरी मान खाली घातली होती. आणि ती बिचारी माझ्या बापाने पाठीवर दिलेलं ओझं मुकाट वाहत होती. मग राग कुठे गेला कोण जाणे. बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते गेल्यावर आपल्या पाठीमागे कोणी नाही असं मला सारखं वाटायचं. आणि हा माणूस इतके दिवस अक्षरशः माझ्या सीटमागे बसून होता. मी आईच्या मांडीवरच्या शेंगांच्या सुपावर डोकं ठेवून रडले. मघाशी म्हटलं ना, मी रडणाऱ्यांतली नाही. त्या दिवशीचं सोडून.

‘काढू का गं ते?’ मी विचारलं.

‘काढ ना,’ आई म्हणाली. ‘आता तुले चालवता येते.’

तारा मी स्वतः कापल्या. नटांनी मात्र नवऱ्याचा घाम काढला.

रविवार उजाडला. गाडीत दोनच जागा, आणि एक मामाजींची ठरलेली. दुसरीवर कोण, हा प्रश्न नवऱ्याने वजनावरच सोडवला. माझ्यापेक्षा तो बराच भारी होता. ‘हिशेबानं तिनंच चालवली पायजे,’ तो वडिलांना म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. सुनेने सासऱ्याला टेकडीवर न्यायचं, तेही भर सकाळी, गल्लीच्या डोळ्यांदेखत. पण वजनाचं गणित त्यांना खोडता येईना. कोटाच्या खिशातून त्यांनी पानाचा डबा काढला आणि सासूबाईंच्या हातात दिला. मग किल्ल्यांचा जुडगा दिला. मग काठी दिली. मामाजी बाजेच्या सीटवर बसले, नवार करकरली आणि आम्ही निघालो.

सपाटीवर तिने जो वेग घेतला तो मी त्या गाडीत कधी बघितला नव्हता. मामाजींनी टोपी हातात धरली. चढ लागला. मी गिअर बदलला, इंजिनाचा आवाज जड झाला, पण गाडी कुरकुरली नाही. झाडं भराभर मागे जात होती. मी मनात ‘चल गं, चल गं’ म्हणत होते, आणि ते थोडंफार तोंडातूनही निघत असावं, कारण मामाजी माझ्याकडे बघायला लागले होते.

मग ते वळण आलं, मागच्या वेळचं. तिथे चढ एकदम अंगावर येतो. गाडीचा वेग उतरला, आणखी उतरला, चालत्या माणसाइतका झाला. मी पहिल्या गिअरवर आले. इंजिन घरघरत होतं, पण चालू होतं. बंद पडत नव्हतं. मी दात आवळून समोर बघत राहिले.

आणि डावीकडून एकदम नवार सैल झाल्याचा आवाज आला.

गाडी टुणकन पुढे उडाली. मी मान वळवली तर सीट रिकामी! दार तर आम्ही काढूनच ठेवलं होतं. सासरा सांडला! हेच शब्द मनात आले, देवाशपथ. थांबायला ब्रेककडे पाय नेला, तोच मागून आरोळी आली.

‘थांबू नको! जाऊ दे वं, जाऊ दे!’

आरशात बघितलं तर मामाजी रस्त्याच्या मधोमध उभे होते. पडलेले नाहीत, खरचटलेले नाहीत. एका हाताने धोतराचा सोगा धरून दुसऱ्या हाताने बैलांना हाकतात तसे मला पुढे हाकत होते. मी थांबले नाही. गाडी उरलेला चढ अशी चढली की माथ्यावर तिला आवरावं लागलं.

माथ्यावर मी इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसले. मामाजी जिवंत आहेत याचं हायसं वाटत होतं आणि गाडी गेली याचं वाईट. अट होती मामाजींना बसवून चढवायची. मामाजी तर खाली.

थोड्या वेळाने ते आले, चालत, धापा टाकत, घामाघूम. तोंडावर मात्र कधी न बघितलेलं हसू.

‘मामाजी, तुम्ही उतरले काहून?’ मी जवळजवळ ओरडलेच.

ते बॉनेटला टेकून उभे राहिले. ‘अवं, चढ आला का बंडीतून उतराच लागते. बैलाच्या जिवावर किती बसावं माणसानं? लहानपणापासून उतरत आलो मी. पाय आपसूकच खाली गेला. मोटर आहे हे ध्यानातच नाही आलं.’

‘पण अट...’

‘अट काय होती?’

‘तुम्हाले बसवून चढवायची.’

‘मधात थांबली नाही तं ठेवा, असं म्हटलं होतं. थांबली का तू?’

‘नाही.’

‘गाडी थांबली का?’

‘नाही.’

‘मंग झालं तं. मागच्या टायमाले गाडीनं मले उतरवलं होतं. आज मी उतरलो. फरक आहे का नाही?’

हुश्श! माझ्या अंगातून इतक्या दिवसांचं सगळं एकदम उतरलं. हसू आलं, डोळे भरले, सगळं एकाच वेळी. मामाजी दुसरीकडे बघत राहिले आणि टोपीने वारा घेत राहिले. टेकडी उतरताना त्यांनी मला म्हटलं, ‘थोडी जोरात घे ना. पायतो तं खरं.’

वेशीशी वाट बघावी तसे सगळे आमच्या फाटकाशी उभे होते. मामाजींनी गाडीतूनच जाहीर केलं, ‘चढली!’ आपण मधेच उतरलो हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही नाही. बंपर आणि टप परत बसले, दार बसलं, बाजेच्या सीटा मात्र तशाच राहिल्या. सोमवारी आलेल्या कबाड्याला रिकाम्या हाताने परत जावं लागलं म्हणून सासूबाईंनी त्याला चहा पाजला.

राहिले ते रूळ. भंगारात द्यायला माझा हात होईना आणि अंगणात ते पायात यायचे. एका सकाळी बाहेर येऊन बघते तर मामाजी उकिडवे बसलेले. आमच्या फाटकापुढच्या नालीवर फळ्या होत्या, त्या दर पावसात कुजायच्या. फळ्या काढून तिथे त्यांनी ते चार रूळ आडवे टाकले होते, दोन या चाकाला, दोन त्या चाकाला, आणि कडेला गिट्टी ठोकत होते.

‘कोणी टाकले होते ते गाडीत, पोरानं सांगितलं मले,’ ते म्हणाले. ‘इथं ठीक राहते. काढून टाकाचे नाही.’

त्यानंतर मी ती गाडी पुष्कळ वर्षं चालवली, आणि पुष्कळ जोरात. बाहेरून आले की फाटकाशी चाकं त्या रुळांवरून जायची आणि खडखड असा आवाज साऱ्या घरात ऐकू यायचा. मामाजी डोळ्यांनी अधू झाले, अंथरुणाला खिळले, तरी तो आवाज त्यांना बरोबर कळायचा. मी गाडीतून उतरायच्या आधीच आतून हाक यायची.

‘आली का वं?’

‘आले, मामाजी.’

मग ते कूस बदलून झोपायचे.